कोरोनाव्हायरस अन्न साहाय्य कार्यक्रम (अमेरिका)

कोरोनाव्हायरस अन्न साहाय्य कार्यक्रम हा कोविड-१९ महासाथीच्या काळात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या केंद्र सरकारने शेतकरी व पशुपालक यांना थेट रोख अर्थसाहाय्य देण्यासाठी राबविलेला कार्यक्रम होय. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘सीएफएपी’ या नावाने ओळखला जातो. तत्कालीन कृषिमंत्री सनी पर्ड्यू यांनी १७ एप्रिल २०२० रोजी त्याची घोषणा केली. मे २०२० ते ऑक्टोबर २०२१ या कालावधीत दोन टप्प्यांत अर्ज स्वीकारण्यात आले व एकूण सुमारे ३,१०० कोटी डॉलर वाटण्यात आले. अमेरिकी कृषी विभागाच्या ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’ या यंत्रणेने आपल्या काउंटी कार्यालयांमार्फत त्याची अंमलबजावणी केली. अल्पावधीत मोठी रक्कम शेतकऱ्यांच्या हाती पोहोचविणारा उपक्रम म्हणून त्याची प्रशंसा झाली. तथापि या रकमेचा मोठा वाटा कोणाच्या हाती गेला, या प्रश्नावरून त्यावर तीव्र टीकाही झाली.

पार्श्वभूमी

मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील शाळा, उपाहारगृहे, हॉटेले व महाविद्यालयीन भोजनगृहे जवळजवळ एकाच वेळी बंद झाली. तेथील अन्नपुरवठ्याच्या साखळ्या दोन स्वतंत्र प्रवाहांत विभागलेल्या आहेत. एक किराणा दुकानांसाठी लहान वेष्टनांत माल पुरवितो, तर दुसरा संस्थांना व उपाहारगृहांना घाऊक माल पुरवितो. दुसरा प्रवाह एकाएकी थांबला. परंतु त्यातील माल पहिल्या प्रवाहात वळविण्यासाठी लागणारी यंत्रे, वेष्टने व करार उपलब्ध नव्हते. त्यामुळे दुकानांतील फळ्या रिकाम्या असताना शेतावर मात्र माल पडून राहिला. एप्रिलच्या आरंभी ‘डेअरी फार्मर्स ऑफ अमेरिका’ या सहकारी संस्थेच्या अंदाजानुसार देशात दररोज ३७ लाख गॅलनपर्यंत दूध ओतून द्यावे लागत होते. फ्लॉरिडा व कॅलिफोर्नियातील भाजीपाला उत्पादकांनी काढणीला आलेली पिके शेतातच नांगरून टाकली.

मांस उद्योगावरील आघात याहून गंभीर होता. कामगारांमध्ये संसर्ग पसरल्यामुळे साउथ डकोटातील सू फॉल्स, मिनेसोटातील वर्दिंग्टन व आयोवातील वॉटरलू येथील मोठे मांसप्रक्रिया कारखाने एप्रिलमध्ये बंद पडले. सू फॉल्सचा एकटा कारखाना देशातील ४ ते ५ टक्के वराहमांसावर प्रक्रिया करीत असे. मेच्या आरंभी देशाची वराहकत्तलीची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटली. आधुनिक वराहपालनात जनावरांची जागा आठवड्यांच्या हिशेबाने ठरलेली असते. तयार जनावरे गोठ्याबाहेर गेली नाहीत तर मागून येणाऱ्या पिलांना जागा उरत नाही. परिणामी अनेक पशुपालकांना निरोगी डुकरे मारून पुरावी लागली. तिकडे प्रवास थांबल्याने पेट्रोलची मागणी घसरली, त्याबरोबर मक्यापासून तयार होणाऱ्या इथेनॉलची मागणी घटली व मक्याचे भाव खाली आले.

शेतीला केंद्राकडून थेट मदत मिळण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. चीनबरोबरच्या व्यापारसंघर्षात झालेल्या हानीपोटी ‘मार्केट फॅसिलिटेशन प्रोग्रॅम’ या योजनेतून २०१८ व २०१९ या वर्षांच्या उत्पादनासाठी सुमारे २,३०० कोटी डॉलर देण्यात आले होते. नव्या कार्यक्रमाने त्याच प्रशासकीय चौकटीचा आधार घेतला.

कायदेशीर आधार व निधी

एप्रिल २०२० मध्ये एकूण १,९०० कोटी डॉलरच्या साहाय्याची घोषणा झाली. त्यांपैकी १,६०० कोटी डॉलर शेतकऱ्यांना थेट देण्यासाठी, तर ३०० कोटी डॉलर दूध, मांस, फळे व भाजीपाला विकत घेऊन अन्नपेढ्यांमार्फत गरजूंना वाटण्यासाठी होते. खरेदीचा भाग ‘फार्मर्स टू फॅमिलीज फूड बॉक्स’ या नावाने राबविण्यात आला. मे २०२१ अखेर तो बंद होईपर्यंत त्यातून १७ कोटींहून अधिक अन्नपेट्यांचे वाटप झाले.

थेट साहाय्याचा निधी दोन स्रोतांतून आला. २७ मार्च २०२० रोजी संमत झालेल्या ‘केअर्स’ कायद्यातून ९५० कोटी डॉलर मिळाले. उर्वरित ६५० कोटी डॉलर ‘कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन’ या १९३३ साली स्थापन झालेल्या सरकारी महामंडळाकडून आले. या महामंडळास ३,००० कोटी डॉलरपर्यंत कर्ज उभारण्याचा अधिकार असून, कृषिमंत्री त्याचा वापर काँग्रेसच्या स्वतंत्र मंजुरीविना करू शकतात. निधीचे हे दोन स्रोत केवळ हिशेबाचा भाग नव्हते. केअर्स कायद्याचा निधी १५ एप्रिल २०२० पूर्वी झालेल्या हानीसाठी, तर महामंडळाचा निधी त्यानंतरच्या विक्रीत अपेक्षित असलेल्या अडचणींसाठी, अशी विभागणी करण्यात आली. त्यामुळे एकाच मालाला दोन वेगवेगळे दर लागू झाले.

पहिला टप्पा

पहिल्या टप्प्याचे अर्ज २६ मे २०२० पासून स्वीकारण्यात आले. २८ ऑगस्ट ही अंतिम मुदत पुढे ११ सप्टेंबरपर्यंत वाढविण्यात आली. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ज्या मालाचे भाव ५ टक्के वा त्याहून अधिक घसरले, तोच माल पात्र धरण्यात आला. मका, सोयाबीन, ज्वारी, कापूस, लोकर, दूध, गुरे, डुकरे, मेंढ्या आणि अनेक फळे व भाज्या यांचा त्यात समावेश होता. गव्हाच्या सर्व जाती मात्र पात्र ठरल्या नाहीत. पास्त्यासाठी वापरला जाणारा ड्युरम गहू व वसंतात पेरला जाणारा कठीण लाल गहू यांनाच साहाय्य मिळाले. निधी अपुरा पडू नये म्हणून आरंभी मंजूर रकमेच्या ८० टक्केच रक्कम दिली जाई. उरलेली २० टक्के रक्कम ऑगस्टमध्ये देण्यात आली.

काही प्रमुख दर पुढीलप्रमाणे होते. प्रत्येक ठिकाणी पहिला आकडा केअर्स कायद्याखालील व दुसरा महामंडळाच्या निधीखालील आहे.

- मका : प्रति बुशेल ०.३२ व ०.३५ डॉलर (मक्याचा १ बुशेल म्हणजे सुमारे २५.४ किलोग्रॅम)
- सोयाबीन : प्रति बुशेल ०.४५ व ०.५० डॉलर (सोयाबीनचा १ बुशेल म्हणजे सुमारे २७.२ किलोग्रॅम)
- पोसून कत्तलीस तयार झालेली गुरे : प्रति जनावर २१४ व ३३ डॉलर
- ६०० पौंडांहून कमी वजनाची, पुढे पोसण्यासाठी विकली जाणारी वासरे : प्रति जनावर १०२ व ३३ डॉलर
- १२० पौंडांहून कमी वजनाची डुकरे : प्रति जनावर २८ व १७ डॉलर

पिकांसाठी २०१९ च्या उत्पादनाचा निम्मा भाग, अथवा १५ जानेवारी २०२० रोजी शिल्लक असलेला व भाव आधी ठरून न गेलेला साठा, यांपैकी जे कमी असेल ते परिमाण मानले जाई. त्याच्या ५० टक्क्यांना प्रत्येक दर लागू होई. उदाहरणार्थ, एखाद्या शेतकऱ्याने २०१९ मध्ये २०,००० बुशेल मका पिकविला व १५ जानेवारीस त्याच्याकडे १२,००० बुशेल मका शिल्लक होता, असे मानू. निम्मे उत्पादन १०,००० बुशेल, म्हणजे साठ्याहून कमी. म्हणून तेच परिमाण ठरेल. पहिल्या दराने १,६०० व दुसऱ्या दराने १,७५० असे एकूण ३,३५० डॉलर त्यास मिळतील आणि त्यांपैकी २,६८० डॉलर पहिल्या हप्त्यात हाती येतील.

जनावरांच्या बाबतीत विक्रीची तारीख निर्णायक ठरली. १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात विकलेल्या जनावरास पहिला दर मिळे. न विकलेल्या जनावरांसाठी १६ एप्रिल ते १४ मे या काळातील सर्वाधिक संख्या धरून फक्त दुसरा दर दिला जाई. म्हणजे १०० वासरे मार्चमध्ये विकणाऱ्यास १०,२०० डॉलर, तर चांगल्या भावाच्या आशेने तितकीच वासरे राखून ठेवणाऱ्यास ३,३०० डॉलर मिळाले. वासरांची विक्री प्रामुख्याने शरद ऋतूत करणाऱ्या लहान पशुपालकांचे या नियमामुळे नुकसान झाले, अशी तक्रार पशुपालकांकडून करण्यात आली.

दुसरा टप्पा

दुसऱ्या टप्प्याची घोषणा तत्कालीन राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांनी १७ सप्टेंबर २०२० रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मोसिनी येथील प्रचारसभेत केली. त्यासाठी १,४०० कोटी डॉलरपर्यंतची तरतूद होती. अर्जांची मुदत २१ सप्टेंबर ते ११ डिसेंबर २०२० अशी ठेवण्यात आली. या टप्प्यात गव्हाच्या सर्व जाती, तंबाखू, अंडी व मांसल कोंबड्या यांचा समावेश झाला आणि गणनेची पद्धत बदलण्यात आली. मालाचे तीन गट पाडण्यात आले.

पहिल्या गटात भावघसरण सिद्ध झालेली पिके व जनावरे होती. पिकांसाठी २०२० मध्ये पेरलेले क्षेत्र, त्या पिकाचे राष्ट्रीय विक्रीप्रमाण, दर व शेतकऱ्याची सरासरी उत्पादकता यांचा गुणाकार केला जाई. मक्याचे विक्रीप्रमाण ४० टक्के व दर बुशेलला ०.५८ डॉलर होता. त्यानुसार एकरी १८० बुशेल उत्पादकता असलेल्या २०० एकर मक्यास ८,३५२ डॉलर मिळत. हिशेबाने रक्कम कितीही कमी आली तरी एकरी १५ डॉलरची किमान हमी होती. मांसासाठीच्या गुरांना प्रति जनावर ५५ व डुकरांना २३ डॉलर देण्यात आले. मात्र पैदाशीची जनावरे वगळण्यात आली. दुसऱ्या गटातील पिकांना सरसकट एकरी १५ डॉलर मिळाले. तिसऱ्या गटात फळे, भाजीपाला, फुले इत्यादींचा अंतर्भाव होता. त्यांना २०१९ मधील विक्रीच्या ८.८ ते १०.६ टक्के रक्कम देण्यात आली. विक्री जितकी कमी तितकी टक्केवारी अधिक, असे हे प्रमाण होते.

२७ डिसेंबर २०२० रोजी संमत झालेल्या विनियोजन कायद्याने पहिल्या दोन गटांतील पिकांना एकरी २० डॉलर अधिक देण्याची व पहिल्या टप्प्यातील गुरांच्या रकमेत भर घालण्याची तरतूद केली. जानेवारी २०२१ मध्ये सत्तांतर झाल्यावर नव्या सरकारने फेरविचारासाठी हे वाटप तात्पुरते थांबविले. मार्चमध्ये कृषिमंत्री टॉम व्हिल्सॅक यांनी पूर्वीच्या योजनांपासून वंचित राहिलेल्यांवर भर देणारा नवा उपक्रम जाहीर केला. दुसऱ्या टप्प्याचे अर्ज ५ एप्रिल २०२१ पासून पुन्हा खुले झाले व १२ ऑक्टोबर २०२१ रोजी कायमचे बंद करण्यात आले.

पात्रता व मर्यादा

प्रत्येक टप्प्यात एका व्यक्तीस कमाल २,५०,००० डॉलर मिळू शकत. कंपनी वा तत्सम संस्थेच्या बाबतीत प्रत्येकी किमान ४०० तास श्रम अथवा व्यवस्थापन करणारे तीन सभासद असल्यास ही मर्यादा ७,५०,००० डॉलरपर्यंत वाढत असे. सर्वसाधारण भागीदारीत प्रत्येक भागीदारास स्वतंत्र मर्यादा लागू होत असल्याने अशा भागीदारीच्या एकूण रकमेस निश्चित कमाल सीमा नव्हती. सरासरी वार्षिक उत्पन्न ९,००,००० डॉलरहून अधिक असलेली व्यक्ती अपात्र होती. परंतु त्या उत्पन्नाचा किमान ७५ टक्के भाग शेतीतून येत असल्यास ही अट शिथिल होई.

उत्पादनाची जोखीम ज्याच्यावर, त्यालाच साहाय्य, हे योजनेचे मूलतत्त्व होते. म्हणून वाट्याने जमीन कसायला देणारा मालक आपल्या वाट्यापुरता पात्र होता, तर रोख खंडाने देणारा मालक अपात्र होता. याच तत्त्वामुळे कंपन्यांची कोंबडी वा डुकरे करारावर वाढविणारे शेतकरी आरंभी वगळले गेले. जनावरे त्यांच्या मालकीची नसली तरी गोठे व कोंबडीघरे यांच्यावरील कर्ज त्यांचेच होते. गोठा रिकामा राहिल्यावर हप्ते फेडण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. डिसेंबर २०२० च्या कायद्याने त्यांच्यासाठी तरतूद केली व ऑगस्ट २०२१ मध्ये तिचे सुधारित नियम लागू झाले.

काउंटी पातळीवरील अंमलबजावणी

काउंटी हा राज्याखालील प्रशासकीय घटक असून मराठी वाचकास तो ढोबळमानाने जिल्हा वा तालुक्यासारखा समजता येईल. फार्म सर्व्हिस एजन्सीची देशभर दोन हजारांहून अधिक काउंटी कार्यालये आहेत. कार्यालयाबरोबर स्थानिक शेतकऱ्यांनी आपल्यातून निवडलेली ३ ते ११ सदस्यांची काउंटी समिती असते. १९३० च्या दशकातील मंदीच्या काळात रूढ झालेली ही पद्धत आजही चालू आहे.

टाळेबंदीमुळे बहुतेक कार्यालयांत प्रत्यक्ष प्रवेश बंद होता. अर्ज दूरध्वनी, टपाल, ई-मेल व संकेतस्थळ यांद्वारे स्वीकारले गेले. अर्जासोबत पुरावे जोडणे बंधनकारक नव्हते. शेतकऱ्याने साठा, विक्री व जनावरांची संख्या स्वतः प्रमाणित करावयाची, कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवावयाची व पुढे निवडक तपासणी व्हावयाची, अशी व्यवस्था होती. त्यामुळे वाटप जलद झाले. मात्र ज्यांची नोंद कार्यालयात आधीपासून होती, त्या मका, सोयाबीन व पशुधन उत्पादकांना ही वाट सोपी गेली. आठवडी बाजारात थेट विक्री करणारे छोटे भाजी उत्पादक यापूर्वी कधी या कार्यालयाची पायरी चढलेले नव्हते. त्यांना ओळख, उत्पन्न, जमीन व बँक खाते यांविषयीचे अर्ज प्रथमच भरावे लागले.

आयोवा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातील सू काउंटी हे अशा ग्रामीण काउंटीचे उदाहरण होय. २०२० च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या ३५,८७२ असून ऑरेंज सिटी हे मुख्य ठिकाण आहे. डच स्थलांतरितांनी वसविलेला हा भाग वराहपालन, गुरे पोसणे, दुग्धव्यवसाय व अंडी उत्पादन यांसाठी राज्यात अग्रगण्य मानला जातो. साउथ डकोटाची सीमा लगतच असल्याने सू फॉल्सच्या कारखान्यातील टाळे येथील पशुपालकांपासून दूर नव्हते. पहिल्या टप्प्यात राज्यनिहाय सर्वाधिक साहाय्य आयोवास मिळाले. मका, सोयाबीन, डुकरे व गुरे हे सर्व पात्र माल एकाच राज्यात एकवटलेले असणे हे त्याचे कारण होते. अशा काउंटीत शेतकऱ्याच्या हाती पडलेला पैसा बियाणे-खतांचे दुकान, यंत्रदुरुस्ती, पशुवैद्य व बँकेचे पीककर्ज यांच्याकडे वळतो. त्यामुळे साहाय्याचा प्रश्न केवळ शेतकऱ्यांपुरता मर्यादित राहत नाही.

टीका व वाद

साहाय्य उत्पादनाच्या वा विक्रीच्या प्रमाणात असल्याने मोठ्या शेतकऱ्यांना मोठी रक्कम मिळणे अटळ होते. हानी ज्याची अधिक, त्याची भरपाई अधिक, असे समर्थक म्हणत. टीकाकारांचे म्हणणे असे की, मोठ्या शेतकऱ्याकडे विमा, साठवण व पतपुरवठा यांची साधने आधीच असतात. संकटात प्रथम बुडतो तो लहान शेतकरी.

वांशिक विषमतेचा मुद्दा सर्वाधिक गाजला. दोन्ही टप्प्यांत वाटलेल्या सुमारे २,६०० कोटी डॉलरपैकी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना केवळ सुमारे २ कोटी ८ लाख डॉलर, म्हणजे जेमतेम ०.१ टक्का मिळाले, असे व्हिल्सॅक यांनी मार्च २०२१ मध्ये सांगितले. २०१७ च्या कृषिगणनेनुसार देशातील शेती उत्पादकांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १.४ टक्के होते. नियमांत वंशाचा उल्लेख नव्हता. परंतु कर्जवाटपातील पूर्वीच्या भेदभावामुळे या शेतकऱ्यांची जमीन व उत्पादन घटत गेले होते आणि उत्पादनावर बेतलेल्या साहाय्यात तीच तूट पुन्हा उमटली. हा भेदभाव १९९९ मधील ‘पिगफर्ड विरुद्ध ग्लिकमन’ खटल्यातील तडजोडीने देशापुढे आलेला होता.

साहाय्याच्या वेळेविषयीही प्रश्न उपस्थित झाले. २०२० च्या उत्तरार्धात चीनची खरेदी वाढली व मका-सोयाबीनचे भाव चढू लागले. जानेवारी २०२१ मध्ये मका बुशेलला ५ डॉलरच्या वर गेला. एकरी २० डॉलरची वाढीव रक्कम वाटली गेली, तेव्हा या पिकांचे मूळ संकट ओसरलेले होते. २०२० मध्ये शेतकऱ्यांना मिळालेल्या सर्व प्रकारच्या थेट सरकारी साहाय्याने ४,५०० कोटी डॉलरची सीमा ओलांडून उच्चांक गाठला. काँग्रेसच्या अधीन असलेल्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ च्या अहवालात स्वयंप्रमाणित माहितीची तपासणी अधिक काटेकोरपणे व्हावी, अशी शिफारस केली.

पुढील घडामोडी

या कार्यक्रमातील उणिवा भरून काढण्यासाठी काही पूरक योजना आखण्यात आल्या. बाजारपेठेअभावी मारून टाकाव्या लागलेल्या जनावरांसाठी २०२१ मध्ये बाजारभावाच्या ८० टक्के भरपाई जाहीर झाली. करार नसताना खुल्या बाजारात डुकरे विकणाऱ्यांना प्रति जनावर ५४ डॉलर देण्याची योजना डिसेंबर २०२१ मध्ये आली.

मार्च २०२१ च्या ‘अमेरिकन रेस्क्यू प्लॅन’ कायद्याने कृष्णवर्णीय, मूलनिवासी, हिस्पॅनिक व आशियाई शेतकऱ्यांच्या सरकारी कर्जमाफीसाठी सुमारे ४०० कोटी डॉलरची तरतूद केली होती. वंशाच्या आधारे लाभ देणे घटनाबाह्य असल्याचा दावा करीत श्वेतवर्णीय शेतकऱ्यांनी खटले दाखल केले. जून २०२१ मध्ये न्यायालयांनी स्थगिती दिल्याने ही कर्जमाफी अमलात येऊ शकली नाही. ऑगस्ट २०२२ च्या ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’ने ती रद्द केली व तिच्या जागी वंशनिरपेक्ष अशा दोन तरतुदी केल्या : अडचणीतील कर्जदारांसाठी ३१० कोटी व भेदभाव सोसलेल्यांसाठी २२० कोटी डॉलर. दुसऱ्या तरतुदीतून जुलै २०२४ मध्ये ४३,००० हून अधिक व्यक्तींना सुमारे २०० कोटी डॉलर देण्यात आल्याचे जाहीर झाले.

मूल्यमापन

घोषणेपासून सुमारे दीड महिन्यात पहिली रक्कम शेतकऱ्यांच्या खात्यांत जमा होऊ लागली, ही या कार्यक्रमाची मुख्य जमेची बाजू मानली जाते. काउंटी पातळीवर आधीपासून असलेली कार्यालये, नोंदी व कर्मचारी यांच्यामुळेच हे शक्य झाले. त्याच नोंदींबाहेर राहिलेल्यांपर्यंत मात्र साहाय्य उशिरा वा अपुरे पोहोचले. आपत्तीच्या काळात वेग व न्याय्य वाटप यांचा मेळ कसा घालावा, या कृषिधोरणातील जुन्या प्रश्नाचे उदाहरण म्हणून या कार्यक्रमाचा अभ्यास केला जातो.